अल्लाबक्ष मिस्त्रीच्या वायरी

मिरजगावात अल्लाबक्ष मिस्त्रीच्या गॅरेजचा पत्ता विचारला की लोक सांगतात, भिमाजीच्या स्पेअरपार्टच्या दुकानाशेजारी. माझ्या दुकानाचा पत्ता विचारला की सांगतात, अल्लाबक्षच्या गॅरेजशेजारी. नवख्या माणसाला यातलं काहीच सापडत नाही. मग तो हायवेला उभा राहून कान देतो, आणि जिकडून भांडणाचा आवाज येतो तिकडं येतो. भांडणाचं कारण बहुतेक एकच असतं. मी जे विकायला ठेवतो ते हा गृहस्थ घेत नाही.

मिस्त्रीला एक खोड आहे आणि तिला तो गुण समजतो. त्याला सगळं नीटनेटकं लागतं. भिंतीवर पाने उंचीप्रमाणे टांगलेले, जुने नटबोल्ट धुऊन बरणीत घातलेले, हात पुसायच्या फडक्याचीही घडी. कुणी गळक्या रेडिएटरची गाडी घेऊन आला की हा आधी तिची नंबरप्लेट पुसतो. मिस्त्रीकडं गाडी टाकली की ती एक दिवस आजारी असते आणि तीन दिवस आंघोळीला बसते, असं गावात म्हणतात. हे वाक्य मीच पहिल्यांदा म्हणालो होतो, पण त्याचं श्रेय मला कुणी देत नाही.

त्याच्या हाताला हे वळण कुठून लागलं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याची बायको बिस्मिल्लाबी अंगणवाडीत मदतनीस. तिला सकाळी लवकर जावं लागायचं. त्यामुळं एकुलत्या एका पोरीची, अल्मासची, वेणी घालायचं काम बापाकडं आलं. आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं, मग अर्धं लिंबू चोळायचं. पोरगी गॅरेजच्या दारात आडव्या टायरवर पुस्तक घेऊन बसलेली, मागं मिस्त्री उभा, दातात कंगवा धरलेला. हायवेवरून जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघायचे. सुरुवातीला साध्या दोन वेण्या असायच्या. पोरगी सातवीत गेली तेव्हा त्यानं कुठून तरी चार पेडांची वेणी शिकून घेतली. शाळेच्या गॅदरिंगला बायका ती बघायला आल्या आणि त्या दिवसापासून मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं ते अजून उतरलेलं नाही.

वेणी घट्ट मात्र फार. अब्बा, डोकं दुखतंय, असं पोरगी रोज म्हणायची. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. घट्ट असल्याबिगर टिकत न्हाई. हेच उत्तर तो पाण्याच्या पाइपच्या क्लिपबद्दल आणि चाकाच्या नटांबद्दलही देतो.

अल्मासला सोनईला दिली. जावई अझहर, मोबाईल दुरुस्तीचं दुकान, मुलगा सरळ. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि मिस्त्री दिसेना. शेवटी तो मांडववाल्या गोरक्षच्या ट्रकखाली सापडला. एक्सलमधून ऑइल गळतंय म्हणाला. त्या एक्सलचं सील मी स्वतः आठवड्यापूर्वी विकलं होतं आणि ते ठणठणीत कोरडं होतं, पण अशा वेळी माणूस बोलत नाही. त्यानंतर तो एकदाही सोनईला गेला नाही. बिस्मिल्लाबी जाऊन यायची. हा म्हणायचा, काम हाय.

तर त्याच गोरक्षचा ट्रक. छोटा, गॅसवर चालणारा, मांडवाचे पाइप आणि खुर्च्या वाहून दमलेला. पाणी आटलं तरी गोरक्ष चालवत राहिला आणि ब्लॉकला तडा गेला. मग त्यानं नगरच्या जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणलं आणि आरटीओचे कागदही करून घेतले. कंपनी तीच, साल वेगळं. मिस्त्रीनं चेनपुलीवर जुनं इंजिन उतरवलं, नवं चढवलं, फाउंडेशनची भोकंही बसली. अडलं ते एकाच ठिकाणी. जुन्या इंजिनात जळका धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड एका अंगाला होता आणि प्लग दुसऱ्या अंगाला. नव्यात दोन्ही एकाच अंगाला. म्हणजे प्लगच्या चारही वायरी त्या मॅनिफोल्डच्या डोक्यावरून जाणार. गॅसच्या इंजिनाचा मॅनिफोल्ड तापला की त्यावर भाकरी भाजून निघेल. वायरीचं रबर तिथं किती टिकणार?

मी आपलं दुकानदाराचं कर्तव्य केलं. म्हणालो, लांब वायरी घे, चौघींना चार स्लीव्ह घाल, म्हणजे कापडी नळ्या, काचेच्या धाग्याच्या, उष्णता न लागणाऱ्या. वरच्या कव्हरवरून त्यांना लांबून फिरव आणि एकमेकींपासून अंतर ठेव. अंतर ठेवायला प्लास्टिकच्या फण्या येतात. एकेका दातात एकेक वायर बसते. पुण्याहून मी त्यांचा एक खोका आणला होता आणि त्यावर धूळ बसली होती. मिस्त्रीनं फणी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत ठेवली. फण्या बायांना इका म्हणाला. वायरी घेतल्या आणि स्लीव्ह एकच घेतली, सगळ्यात जाड.

एवढं इंजिन बदलायला त्याला दोन दिवस लागले आणि या वायरींना उरलेला आठवडा. गोरक्ष रोज येऊन उभा राहायचा. हा बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेला. शुक्रवारी मी मालाला नगरला गेलो आणि परत आलो तर काम झालेलं. मनगटाएवढी जाड एक पांढरी नळी कव्हरवरून ऐटीत वळून गेली होती. मॅनिफोल्डपासून चांगली वीतभर लांब, जागोजाग पट्ट्यांनी आवळलेली. दिसायला देखणी होती, हे मला कबूल करावं लागलं आणि त्याचा मला दिवसभर त्रास झाला. चारही वायरी कुठं आहेत, विचारलं. आत हायेत म्हणाला, गुण्यागोविंदानं.

रिकामा ट्रक माहीजळगावपर्यंत नेऊन आणला. शिलाई मशिनसारखा चालला. मिस्त्रीनं रस्त्यावरच्या माणसांना थांबवून आवाज ऐकवला.

ट्रक वेळेत व्हायला हवा होता, कारण अल्मासला सातवा महिना सरत आला होता. आमच्यात डोहाळजेवण करतात तसा त्यांच्यात सतवासा करतात, आणि मग पहिल्या बाळंतपणाला पोरगी माहेरी आणतात. विहीणबाईंचा निरोप आला होता, की सतवासा सोनईत करा, मांडव-जेवण तुमचं, आणि त्याच दिवशी उजेडी पोरगी घेऊन जा. दुसऱ्या दिवसापासून आठवा लागतो. आठवा लागला की पोरीला वेस ओलांडू द्यायची नाही, बाळंतपण सोनईतच होईल. यात विहीणबाईंचं काही चुकलं नव्हतं, ही रीत आमच्याकडंही आहे. पण त्यांनी हेही विचारलं होतं म्हणे, की मिस्त्रींना या वेळी तरी सवड आहे का. ते मिस्त्रीला लागलं होतं. मांडव माझ्या हातच्या गाडीतून येईल आणि पोरगी माझ्या घरी येईल, असं त्यानं फोनवर सांगून टाकलं. पोरीची खोली त्यानं चुन्यानं रंगवून घेतली होती, दोनदा.

सकाळी ट्रक भरला. पाइप, कापड, खुर्च्या, बिर्याणीची देग, शिधा. गोरक्षनं पुढं लिंबू-मिरची बांधली आणि नारळ फोडला. केबिनमध्ये गोरक्ष, मिस्त्री आणि मांडीवर स्टीलचा डबा घेतलेली बिस्मिल्लाबी. डब्यात पोरीसाठी हिरव्या काचेच्या बांगड्या. मी मागं सतरंज्यांच्या ढिगावर. मला आमंत्रण बिस्मिल्लाबीनं दिलं होतं, मिस्त्रीनं नव्हे. तो म्हणाला होता, शेठ हिसाब करत बसतील.

नगरला फुलं घेतली. जेऊरपर्यंत ट्रक सुरेख आला. इमामपूरचा घाट लागला आणि पहिली उचकी लागली. मग दुसरी. मग सायलेन्सरमधून असा बार निघाला की कडेच्या शेळ्या पांगल्या आणि धनगरानं आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. गोरक्षनं पहिला गिअर टाकला. ट्रक थरथरला, दोन हात पुढं गेला आणि उभा राहिला. चाकामागं दगड लावले.

मिस्त्री खाली उतरला. गॅसचा फिल्टर काढून झाडला. प्लग काढून पुसले, परत बसवले. ट्रक चालू व्हायचा, जागेवर गुरगुरायचा, आणि ओढ लागली की पुन्हा मिसिंग, त्याच उचक्या. अझहरचा फोन आला. नगर सोडलं, असं मिस्त्रीनं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा आला. त्या वेळी त्यानं फोन गोरक्षकडं दिला आणि गोरक्षनं माझ्याकडं.

मी वायरींचा विषय काढला. मिस्त्री माझ्याकडं वळला. "वायरीला हात लावायचा न्हाई शेठ. गार हायेत त्या. बगा हात लावून." मी हात लावला. खरोखर गार होत्या. मॅनिफोल्ड शेजारी रसरसत होता आणि नळीला त्याची झळ नव्हती.

ऊन डोक्यावर आलं. बिस्मिल्लाबी डबा काखेला मारून उतरली आणि घोडेगावची एसटी कधी आहे असं गोरक्षला विचारू लागली. जेवण नाही पोचलं तर नाही, मांडव नाही तर नाही, पण पोरीच्या डोक्यावर आईचा हात आज पडला पाहिजे. मिस्त्री म्हणाला, पाच मिनिटं. ती म्हणाली, ही पाच मिनिटं तुमी लग्नापास्नं मागताय. ही दोघं घरात दखनी बोलतात, पण भांडण मराठीत करतात, म्हणजे शेजाऱ्यांची गैरसोय होत नाही.

बोलता बोलता तिनं बॉनेटवर हात टेकला, आणि मग तो हात त्या पांढऱ्या नळीवर गेला. बोटं एकदा पुढं गेली, एकदा मागं आली. आणि ती थांबली. वरून कापड गुळगुळीत होतं, पण आतलं उंचसखल तिच्या बोटांना लागलं असणार. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो दुसरीकडं बघत होता.

तिनं गोरक्षकडून ब्लेड मागून घेतलं. मिस्त्रीनं नको म्हटलं नाही, याचंच मला नवल वाटलं. तिनं नळी उभी चिरली.

आत वेणी होती. चार वायरींची, चार पेडांची, तंतोतंत, एक पेड इकडंतिकडं नाही. टोकाला लाल टेप बांधलेली.

कुणी हसलं नाही. इतक्या वर्षांत मला मिस्त्रीवर हसायची एवढी मोठी संधी मिळाली नव्हती आणि ती मी घालवली.

"पोरगी तिकडं वाट बगतीया," बिस्मिल्लाबी म्हणाली, "अन् तुमी हितं वायरीची येणी घालून बसलाव." मग तिनं वेणीवरून अंगठा फिरवला आणि आवाज खाली आला. "घट्ट बी तशीच."

मिस्त्री बंपरवर बसला. खिशातून घडीचा फडका काढून चष्मा पुसू लागला. चष्म्यावर काही नव्हतं. "हात आपसूक चालला," तो म्हणाला.

आता ट्रकचं दुखणं मलाही दिसलं आणि त्यालाही. या वायरींमधला करंट फार जोराचा. त्या एकमेकींना मिठी मारून पडल्या की एकीचा झटका दुसरीत उतरतो आणि ज्या सिलिंडरची पाळी नाही त्यात ठिणगी पडते. रिकामी गाडी सपाटीवर ते सोसते. भरली गाडी घाटात सोसत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. कर्जत-जामखेडच्या चार पोरांना हे त्यानंच शिकवलंय. उष्णतेपासून त्यानं वायरींना इतकं सांभाळलं, की त्यांना एकमेकींपासूनही सांभाळावं लागतं हे त्याच्या ध्यानातून गेलं.

वेणी सोडली. वायरी मोकळ्या झाल्या पण सरळ होईनात. पोरींचे केस वेणी सोडल्यावर राहतात तशा वळ्या घेऊन राहिल्या आणि मॅनिफोल्डवर लोंबू लागल्या. आता त्यांना वर आणि दूर दूर धरायचं कशानं? सगळे माझ्याकडं बघू लागले. फण्या मिरजगावात, दुकानात, फळीवर, खोक्यात. मी बरोबर बेल्ट आणला होता, बल्ब आणले होते, हॉर्नसुद्धा आणला होता.

बिस्मिल्लाबीनं डबा उघडला आणि हिरव्या बांगड्यांची चळत बाहेर काढली. मिस्त्रीसारख्या माणसाबरोबर संसार केल्यावर बाईला एवढं कळतंच, की काचेला उष्णता बाधत नाही आणि काच करंटही घेत नाही. मिस्त्रीनं बांगड्यांना हात लावला नाही.

"पोरीच्या हायेत त्या," तो म्हणाला.

"मग पोरीकडंच चालल्यात न्हवं," ती म्हणाली.

पुढचं काम मी पाहिलं आणि त्याबद्दल मी त्याला कधीही नावं ठेवणार नाही. एकेका वायरीला तिची तिची बांगडी, ती बारीक तारेनं वरच्या पट्टीला टांगलेली, दोन बांगड्यांमध्ये चार बोटांचं अंतर. चिरलेली स्लीव्ह त्यानं मॅनिफोल्डवर पांघरुणासारखी टाकून तारेनं आवळली. हात भाजले. तो ओरडला नाही, बिस्मिल्लाबीनंच तोंडानं आवाज केला. गोरक्षनं चावी फिरवली. ट्रकनं घाट चढायला घेतला, आणि बॉनेटखालून काचेची किणकिण ऐकू येत होती ती थेट पांढरीच्या पुलापर्यंत.

सोनईत पोचलो तेव्हा विहीणबाई दारात उभ्या राहून आमच्याकडं नव्हे, सूर्याकडं बघत होत्या. अझहरच्या मित्रांनी हात लावला आणि मांडव उभा राहिला. देग चढली. मिरजगावात बिर्याणी संध्याकाळच्या चहाला देतात का, असं कुणी तरी विचारलं. मी म्हणालो, आमच्यात चहा दुसऱ्या दिवशी देतात.

मिस्त्री कुठं होता, ते सांगायला नको. पोचल्या पोचल्या बॉनेट उघडून आत शिरला होता. मी जाऊन म्हणालो, अरे पोरीला भेट. तो म्हणाला, जरा तारा बघतो.

आत बायका अल्मासच्या हातात बांगड्या भरत होत्या आणि त्या कमी पडल्या. बाकीच्या कुठं आहेत, विहीणबाईंनी विचारलं. बिस्मिल्लाबीनं शांतपणे सांगितलं, की इंजिनात आहेत. मग अल्मास उठली, एक हात कमरेवर ठेवून सावकाश बाहेर आली, आणि ट्रकपाशी उभी राहिली.

तिनं बांगड्या पाहिल्या. मग त्यांतून गेलेल्या त्या वळ्यावळ्यांच्या वायरी पाहिल्या. चार वायरी होत्या. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. मिस्त्री बॉनेटमधून डोकं बाहेर काढेना, म्हणून तिनं गोरक्षच्या खुर्च्यांतली एक ओढली, बापाकडं पाठ करून बसली आणि केस सोडले.

"अब्बा, फुलं माळायचीत," ती म्हणाली. "येणी घाला."

सासरचे पुरुष समोर उभे होते. सोनईच्या त्या गल्लीत बापानं पोरीची वेणी घातलेली कुणी पाहिली नसावी. मिस्त्रीनं हात पाहिले. ते तेलकट होते आणि भाजलेले होते. अझहर साबण घेऊन धावला. साबणानं भागलं नाही, तेव्हा मिस्त्रीनं गोरक्षच्या लिंबू-मिरचीतलं लिंबू तोडलं, दातानं फोडलं आणि हातावर चोळलं. गोरक्ष असल्या बाबतीत फार कडक. पण तो त्या वेळी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या मोजत होता, आणि त्या आधीच मोजून झालेल्या होत्या.

कंगवा दातात धरून त्यानं चार पेड वेगळे केले. हात सवयीनं चालू लागले आणि मध्येच थबकले.

"दुकतंय का?" त्यानं विचारलं.

मी त्याला वर्षानुवर्षं पोरीची वेणी घालताना पाहिलंय. हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"न्हाई," अल्मास म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि समोर उभ्या असलेल्या आम्हाला ते दिसत होतं. मागं उभ्या असलेल्या त्याला दिसत नव्हतं, असं मी अजून धरून चाललोय.

विहीणबाईंनी स्वतः फुलं माळली. उजेड आहे तोवर निघा म्हणाल्या, आणि पोरीच्या पदरात नारळ घातला. अल्मास आईबापांबरोबर अझहरच्या गाडीत बसली. त्यांच्या मागं आम्ही ट्रकमध्ये, किणकिणत. त्या बांगड्या गोरक्षनं आजवर काढू दिलेल्या नाहीत, आणि माझा फण्यांचा खोका अजून फळीवर आहे.

त्या संध्याकाळी परतताना नगरला चहाला थांबलो. अल्मास गाडीतून उतरली तेव्हा वेणी निम्मी सुटली होती. मिस्त्रीच्या हातची वेणी सुटलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला ते बोलून दाखवायचंही होतं. तेवढ्यात तो टपरीवाल्याकडं अर्धं लिंबू मागायला गेला. हात धुऊन आला, तिला बाकड्यावर बसवलं आणि पुन्हा घातली, पहिलीसारखीच सैल. मिरजगावच्या वाटेवरच्या रुईछत्तीशीच्या पुढं ही टिकणार नाही, हे त्याला चांगलं कळत होतं.